पीव्हीए जेलची कॅरोटिड धमनी: साच्यापासून सोनोग्राफीपर्यंतच्या नोंदी

आमच्या विभागात नाडीची लहर धमनीतून किती वेगाने धावते हे मोजणारं एक उपकरण तयार होतंय. ते माणसांवर लावण्याआधी, मानेतल्या कॅरोटिड धमनीसारखी आणि जिची लचक आपल्याला आधीच ठाऊक आहे अशी एक नळी हवी होती. पहिला पर्याय सिलिकॉनचा. मिळतो सहज, टिकतोही. पण सिलिकॉनमध्ये ध्वनी सेकंदाला जेमतेम 1000 मीटर जातो आणि सोनोग्राफीचं यंत्र सरसकट 1540 धरून चालतं. म्हणजे 1.5 मिमीची भिंत पडद्यावर 2.3 मिमी दिसणार. म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं म्हणजे पीव्हीएचं जेल. पाण्यात विरघळवायचं, साच्यात भरून गोठवायचं, वितळवायचं, पुन्हा गोठवायचं. जोडणारं कुठलंही रसायन घालावं लागत नाही. चू आणि रट यांनी 1997 साली एमआरआयसाठी अशा धमन्या केल्या होत्या. तेव्हापासून पद्धत तीच आहे.

लक्ष्य: आतला व्यास 6 मिमी, भिंत 1.5 मिमी, लांबी 200 मिमी. दाब 80 वरून 120 मिमी पाऱ्यावर गेला की आतला व्यास साधारण 0.4 मिमीने वाढावा. ढोबळ हिशेबाने जेलची ताठरता 160 किलोपास्कलच्या आसपास आणि लहरीचा वेग सेकंदाला 6 मीटर येतो. खऱ्या कॅरोटिडची भिंत याहून पातळ असते. पण 1 मिमीची जेलची नळी सळईवरून काढताना फाटते, म्हणून 1.5.

6 मार्च

पीव्हीएची पावडर आली. 10 टक्के द्रावण केलं, चाचणी म्हणून प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरलं, रात्री फ्रीझरमध्ये ठेवलं, सकाळी बाहेर काढलं. जेल नाहीच. घट्टसर चिकट पाक. आणखी दोनदा गोठवलं तरी पाकाचा पाकच.

10 मार्च

कारण डब्यावरच छापलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. ‘हायड्रोलिसिस 87–89 टक्के’, म्हणजे रेणूंच्या साखळीवरचे अॅसिटेटचे गट तेवढेच काढलेले. हा गार पाण्यातही विरघळणारा प्रकार, थ्रीडी प्रिंटरच्या आधाराच्या तारेतही असाच असतो. साखळीवर उरलेले अॅसिटेटचे गट साखळ्यांना एकमेकींलगत बसून स्फटिक बांधू देत नाहीत, आणि या जेलची सगळी ताकद त्या बारीक स्फटिकांचीच असते. हवा तो 99 टक्के किंवा त्याहून जास्त हायड्रोलिसिसचा, आणि रेणूभारही वरचा. दुकानदाराला नुसतं ‘पीव्हीए द्या’ म्हटलं तर तो हातात येईल ते देतो. कागदावर दोन्ही आकडे लिहून द्या. सातशे रुपये गेले. उरलेली पावडर वर्कशॉपमधल्या मामांनी साचा सुटावा म्हणून लावायला नेली, तिथे ती उत्तम चालते.

19 मार्च

नवी पावडर गार पाण्यात विरघळत नाही, हीच खूण. गरम पाण्यात टाकली तर बाहेरून फुगून गुठळ्या होतात आणि आतली पावडर कोरडीच राहते. गार पाण्यात ढवळत ढवळत टाकायची, अर्धा तास फुगू द्यायची, मग उष्णता.

हॉटप्लेटवर 90 अंशांच्या वर दोन तास ढवळलं तर वर साय धरते. ती आत ढकलली की पुन्हा विरघळत नाही, तिचे पापुद्रे नळीच्या भिंतीत दिसतात. शेवटी प्रेशर कुकर. बोरोसिलच्या बाटलीत 40 ग्रॅम पावडर आणि 360 ग्रॅम पाणी, झाकण अर्धा फेरा सैल, कुकरमध्ये तळाला पाणी. शिट्टीनंतर मंद आचेवर एक तास. आत साधारण 120 अंश असतात, ऑटोक्लेव्ह या निर्जंतुकीकरणाच्या यंत्राइतकेच. कुकर आपोआप गार होऊ द्या. घाईने शिट्टी उचललीत तर बाटलीतलं द्रावण उतू जातं आणि कुकर घासण्यात संध्याकाळ जाते.

पहिल्या फेरीनंतर तळाशी न विरघळलेला थर होता. गरम असतानाच ढवळून पुन्हा अर्धा तास ठेवलं, मग काचेसारखं स्वच्छ झालं. बाटली आधी आणि नंतर तोलायची. जितकं पाणी उडालं तितकं गरम पाणी परत घालायचं. हे टाळलं तर 10 टक्क्यांचं 10.5 कधी होतं ते कळत नाही.

24 मार्च

साचा: 9 मिमी आतल्या व्यासाची अॅक्रिलिक नळी, मधोमध 6 मिमीची स्टीलची सळई, दोन्ही टोकांना नायलॉनची बुचं. द्रावण खालून सिरिंजने हळूहळू भरायचं, म्हणजे हवा वर सरकत जाते. वरून ओतलं तर बुडबुडे अडकतातच.

ढवळून आलेले बुडबुडे काढायला बाटली 60 अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवली. बुडबुडे गेले. पण सोनोग्राफीत भिंत उजळ दिसावी म्हणून आधीच मिसळलेली सेल्युलोजची पूडही तळाला बसली. आता क्रम उलटा: आधी बुडबुडे घालवायचे, मग 1 टक्का पूड घालून काचेच्या कांडीने सावकाश फिरवायचं आणि लगेच साच्यात भरायचं.

28 मार्च

पहिली पूर्ण नळी. पांढरी, ओलसर, बोटात धरली तर खरोखर मांसल वाटते. दाब दिला आणि एका बाजूने फुगा आला. अक्षरशः अॅन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला येतो तो फुगवटा. मधोमध कापून भिंगाखाली पाहिलं तर एका बाजूला भिंत 1.9, समोर 1.1.

साचा मामांना दाखवला. ते म्हणाले, “मॅडम, टोकं बरोबर धरलीत, पण सळई काचेवर लोळवून बघितलीत का?” लोळवली. मधे चांगलाच बाक. बाजारातली सळई सरळ असेल हे आम्ही धरूनच चाललो होतो. ग्राइंड केलेली सळई घेतली. शिवाय गोठताना द्रावण फुगतं आणि बूच तिरकं ढकलतं, हेही कारण होतंच. वरच्या बुचाला आता एक मिमीचं छिद्र आहे. फुगलेला भाग तिथून शेवयांसारखा बाहेर येतो आणि बूच जागचं हलत नाही.

9 एप्रिल

ताठरता मोजायची सोपी सोय: छताच्या हुकाला कप्पी, तिच्यावर बाटली, बाटलीतून नळीत पाणी. 109 सेमी उंचीवर 80 मिमी पारा, 163 सेमीवर 120. खाली टी-जोडावर रक्तदाब तपासायच्या यंत्राचा गोल गेज लावलाय. गेजपर्यंत पाणी जाऊ देऊ नका, मधे हवा ठेवा. आणि हवा-पाण्याची सीमा नळीच्याच पातळीला हवी, नाहीतर प्रत्येक सेंटिमीटरला पाऊण मिमी पाऱ्याचा फरक पडतो.

व्यास कॅलिपरने मोजू नका, जेल दबतं. बाजूने पट्टीसकट फोटो काढून पिक्सेल मोजतो. फोटोत दिसतो तो बाहेरचा व्यास, आणि तो कमी वाढतो. जेलचं आकारमान बदलत नाही, त्यामुळे आत 0.4 मिमी वाढ झाली तर बाहेर 0.27 च दिसते. सुरुवातीला हे लक्षात न घेतल्यामुळे सगळ्या नळ्या वाजवीपेक्षा ताठ वाटत होत्या.

12 एप्रिल

इथे गाडी अडली. तेच द्रावण, तोच साचा, तीन-तीन चक्रं (एकदा गोठवून वितळवलं की एक चक्र). एका नळीची ताठरता 150 किलोपास्कल, दुसरीची 90. लेखांमध्ये पाककृती ‘10 टक्के, 3 चक्रं’ अशी एका ओळीत लिहिलेली असते, आणि तेवढ्यावर विसंबलो तर हे असं होतं.

शंभर रुपयांचा पाण्यात चालणारा तापमानाचा सेन्सर आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डला जोडला आणि साच्याशेजारी तशाच नळीत, तेच द्रावण भरून, बुडवून ठेवला. दर मिनिटाला नोंद.

15 एप्रिल

आलेख पाहिला आणि दोन गोष्टी एकदम उघड झाल्या.

पहिली: विभागाचा फ्रीझर घरगुती, फ्रॉस्ट-फ्री. बर्फ साचू नये म्हणून त्याचा हीटर अधूनमधून आपोआप चालू होतो. दारावर उणे 20 लिहिलेलं, आणि आत दर काही तासांनी पारा उणे 9 पर्यंत चढतोय. ही अर्धीमुर्धी चक्रं कुणीच मोजत नव्हतं.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची: वितळणं. ज्या दिवशी साचा टेबलावर ठेवला त्या दिवशी खोलीत 37 अंश होते, आणि उणे 20 वरून शून्यावर यायला अर्धा तासही लागला नाही. ज्या दिवशी विसरून बंद केलेल्या फ्रीझरमध्येच राहिला ती नळी रात्रभर वितळत होती. तीच 150 ची निघाली. स्फटिक बांधले जातात ते मुख्यतः शून्याच्या खाली, वितळण्याच्या वाटेवर. तो टप्पा घाईने ओलांडला तर जेल मऊच राहतं. थोडक्यात, पुण्याच्या एप्रिलमध्ये केलेली तीन चक्रं आणि लंडनच्या जानेवारीत केलेली तीन चक्रं ही दोन वेगळी द्रव्यं आहेत, कागदावर आकडा एकच असला तरी.

21 एप्रिल

उपाय. आइस्क्रीमवाल्यांकडे असतो तसा वरून उघडणारा, हीटर नसलेला जुना फ्रीझर दुसऱ्या विभागाकडून मागून आणला. मासळीवाल्याकडून थर्माकोलचा जाड खोका (आठवडाभर उन्हात ठेवूनही वास गेला नाही, असो). खोक्यात मिठाच्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या, त्यांच्यामध्ये साचे, झाकण चिकटपट्टीने बंद. उणे 20 वरून शून्यावर यायला आता साधारण 14 तास लागतात, आणि खोलीत 30 असो वा 39, आलेख जवळपास एकमेकांवर बसतात. बाटल्यांची संख्या आणि मिठाचं प्रमाण बदलू नका. ते बदललं की वेळ बदलतो.

एका चक्राला दोन दिवस जातात. दुसरा मार्ग नाही.

25 एप्रिल

खोक्यातल्या वितळण्याने तीन चक्रांच्या नळ्या 145 ते 155 किलोपास्कलमध्ये. चौथ्या चक्राने 160 ओलांडते. तीन चक्रांवरच थांबायचं ठरवलं. चौथ्यामुळे दोन दिवस वाढतात आणि नळी थोडी आखडून सळईला घट्ट बसते, काढताना चिरते. सळई काढताना साचा पाण्याखाली धरा आणि सळई ओढण्याऐवजी फिरवा.

2 मे

टोकांचा प्रश्न. नळी जोडणीच्या दातेरी तोटीवर चढवून रेशमी दोऱ्याने बांधली की 100 मिमी पाऱ्याच्या आतच दोरा जेल कापत जातो. रुंद रबरी पट्टीने थोडं सुधारलं, गळती राहिलीच. शेवटी साच्यातच टोकं बदलली: दोन्हीकडे शेवटचे 20 मिमी भिंत 3 मिमी जाड, आणि भरताना तिथे बँडेजच्या जाळीचा एकेक वेढा आत घातलेला. तोटीचे दात कानसून गुळगुळीत केले, वर सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी. आता 200 मिमी पाऱ्यापर्यंत थेंबही येत नाही.

8 मे

रक्ताच्या जागी ग्लिसरीन आणि पाणी, वजनाने 40:60. चिकटपणा रक्ताच्या जवळ येतो. पंप आरओ फिल्टरचा बूस्टर, पुढे चिमटा मारणारा, विजेवर उघडझाप होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मागे हवेची उलटी बाटली.

दुसऱ्याच दिवशी नळी बारीक आणि ताठ झाली. दाब नसतानाही बाहेरचा व्यास 9 वरून 8.6. ग्लिसरीनचं मिश्रण जेलमधलं पाणी ओढून घेतं. नळ्या आता साच्यातून निघाल्या की थेट त्याच मिश्रणात आठवडाभर बुडवून ठेवतो, आणि सगळी मापं त्यानंतरच. आधीच्या 145–155 वाल्या नळ्या भिजल्यावर 165 च्या आसपास गेल्या, म्हणजे लक्ष्याला लागूनच. नशीब.

कप्पीची उंचीही बदलावी लागते. मिश्रण पाण्यापेक्षा 10 टक्के जड, तेव्हा 80 साठी 99 सेमी, 120 साठी 148.

साध्या पाण्यात ठेवून दिलेल्या जुन्या नळ्यांवर काळे ठिपके धरले होते. मिश्रणात बेंझाल्कोनियम क्लोराइड टाकायला लागल्यापासून बुरशी नाही.

16 मे

वळवाचा पाऊस, रात्री वीज गेली ती पहाटे आली. फ्रीझरमध्ये दुसऱ्या चक्रातल्या चार नळ्या. सेन्सरची बॅटरी वेगळी असल्यामुळे आलेख शाबूत: उणे 4 पर्यंत चढून परत खाली. नळ्या फेकल्या नाहीत, पूर्ण करून मोजल्या. चारही 180 च्या वर. शून्य न ओलांडताही ताठरता वाढते याचा आयताच पुरावा हाती आला. त्यांच्यावर लाल दोरा बांधून ‘वयस्कर धमन्या’ म्हणून वेगळ्या ठेवल्यात, उपकरणाला ताठ धमनीही ओळखता यायला हवीच.

22 मे

नळीभोवती ‘मान’ करायची होती: आगर 3 टक्के, ग्लिसरीन 11 टक्के, थोडी सिलिकॉन कार्बाइड आणि अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड, बाकी पाणी. हे मिश्रण सोनोग्राफीच्या चाचण्यांसाठी सर्रास वापरतात. आगर पातळ असतानाच ओतलं, 70 अंशांना. थंड झाल्यावर नळीत पंप चालू केला तर प्रवाहच नाही. कापून पाहिलं, आतली भिंत खचून लगदा झालेली. स्फटिकांच्या जोरावर उभं असलेलं जेल त्या तापमानाला वितळतं.

आगर 40 च्या खाली गोठायला लागतं. म्हणून 43 ला आणून, सतत ढवळत, नळीत गार मिश्रण वाहतं ठेवून ओतायचं. हाताशी चार-पाच मिनिटं मिळतात. ज्यात ओतायचं तो खोका आधीच कोमट करून ठेवा.

3 जून

सोनोग्राफी. यंत्र आमच्याकडे आणता येत नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली यंत्राची जागेसकट नोंदणी असते. तेव्हा मान, पंप, बाटल्या सगळं रिक्षात घालून आम्हीच रुग्णालयात गेलो. परवानगीचं पत्र आधी नेऊन द्या, त्याला आमचे तीन आठवडे गेले.

प्रोब ठेवला आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन उजळ रेषा, मधे काळी पोकळी, रेषांमध्ये बारीक दाणेदार भिंत. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी यंत्राच्या कर्सरने भिंत मोजली: 1.5. पूड न घातलेली एक नळी तुलनेला नेली होती, तिची भिंत पोकळीइतकीच काळी दिसली. पंप चालू केल्यावर व्यासाची हालचाल पडद्यावर 0.38 मिमी. त्यांचा एक शेरा नोंदवून ठेवण्यासारखा: “भिंत छान आहे, पण फार गुणी आहे. पेशंटची धमनी दाब वाढला की आणखी ताठ होते, ही सगळ्या दाबांना जवळपास सारखीच ताणली जातेय.” बरोबर आहे. खऱ्या भिंतीत कोलॅजन हे तंतुमय प्रथिन असतं, कमी ताणाला सैल आणि जास्त ताणाला एकदम घट्ट. आमच्या जेलमध्ये तो गुण थोडाच येतो.

डॉप्लरसाठी, म्हणजे सोनोग्राफीने प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी, प्रवाहात चिमूटभर कॉर्नफ्लोअर घातलं. चाललं, पण पंप थांबताच ते व्हॉल्व्हमध्ये बसलं. परतल्यावर व्हॉल्व्ह उघडून धुवावा लागला.

11 जून

सध्या चालू असलेली कृती: 99 टक्के हायड्रोलिसिसचं पीव्हीए 10 टक्के, सेल्युलोज 1 टक्का, तीन चक्रं, उणे 20 ते शून्य 14 तासांत, मग ग्लिसरीन मिश्रणात आठवडा. एक नळी सुरुवातीपासून मोजायच्या अवस्थेला यायला पंधरवडा लागतो. खर्च: पावडर 1900, ग्लिसरीन 1800, साचे आणि लेथचं काम 1400, पंप 950, गेज 650, सेन्सर वगैरे 300. सात हजार. यात चुकीची पावडर आणि उसनवार फ्रीझर धरलेला नाही.

लेझरने प्रवाहाचे फोटो काढायचे असतील तर हे पांढरं जेल उपयोगाचं नाही. त्यासाठी डायमिथाइल सल्फॉक्साइड आणि पाण्याच्या मिश्रणात पीव्हीए विरघळवतात, ते पारदर्शक होतं. आम्ही केलेलं नाही.

पुढचं काम रेडिओलॉजिस्ट मॅडमच्या शेऱ्यावर. कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातल्या गटाने पहिल्या चक्रानंतर जेल ताणून धरून पुढची चक्रं दिली आणि एका दिशेला जास्त ताठ असलेलं जेल मिळवलं. आम्हाला तो ताण नळीच्या परिघाच्या दिशेने हवाय. म्हणून पहिल्या चक्रानंतर 6 ची सळई काढून 6.6 ची घालायची आणि बाहेरची नळी त्या मानाने 9.4 ची. मामांनी सळईचं टोक निमुळतं करून दिलंय. पहिल्या दोन नळ्या ती घालतानाच चिरल्या. तिसरीत सळई ग्लिसरीन लावून घातली, आत्ता फ्रीझरमध्ये आहे.